दाराआडचा पाळणा

पाळण्याची कडी करकरली आणि दुपारपासून निपचित पडलेलं माजघर जागं झालं. बाजेवर पडल्या पडल्या वत्सलानं मान वळवली. पाळणा अजून रिकामाच होता. सकाळी सुतार टांगून गेला होता आणि दिवेलागणीच्या आत, बायका जमल्या की, बाळाला त्यात घालायचं होतं. पण तिची थोरली, छबु, कुठून तरी आत शिरली होती आणि एका हातानं पाळणा हलवून बघत होती.

"रिकामा पाळणा हलवू नगं बाई," चुलीपासून तिच्या आईचा, बायनाबाईंचा आवाज आला. "आन् मुठीत काय धरलंयस?"

"घुगऱ्या."

"कुणासाठी?"

"बाळासाठी. एकच देते."

बायनाबाई पदराला हात पुसत दारापर्यंत आल्या. पाळण्याच्या खोलीचा उंबरा मात्र त्यांनी ओलांडला नाही. "इकडं ये. तोंड उघड. हे बघ, तुला दात हायेत, म्हणून तुला घुगऱ्या. त्याला दात हायेत का?"

"न्हाई."

"मग त्याला आईच्या अंगावरचं. दुसरं काय चालत न्हाई. असल्या लेकराला आईपासून हलवलं तर ते वाळून जातंय, रोपावाणी."

"मी बी वाळले असते?"

"तू कशाची वाळतीस? कडुलिंब चोळला तवा सुटलीस आईपासून. गावभर बोंब मारलीस."

छबु खुदकन हसली. वत्सलालाही हसू आलं, पण पोटातून दुखलं म्हणून तिनं ते ओठातच ठेवलं. कुशीत बाळ झोपलेलं होतं. आई आली की घर असं हलकं व्हायचं. बाळंतपणाला तेलगावाहून बायनाबाई गाडीत बसून आल्या, त्या दिवसापासून वत्सलाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. डिंकाचे लाडू त्यांनी केले, शेक त्यांनी दिला, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ त्यांनीच घातलं. आजच्या बारशाच्या घुगऱ्याही त्यांच्याच हातच्या. सुभद्राबाई, म्हणजे वत्सलाच्या सासूबाई, कडक बाई. कुणाच्या हातचं सहसा त्यांना पसंत पडत नसे. पण परवा त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या विहीणबाईच्या हाताला चव हाय." वत्सलानं ते वाक्य कितीदा तरी मनात फिरवून पाहिलं होतं.

बायनाबाई विधवा. बारशाला त्यांनी पाळण्याला हात लावायचा नाही, ओटी भरायची नाही, सवाष्णींच्या रांगेत बसायचं नाही. पण बायनाबाईंवाचून बारसं होत नसे, हीही गोष्ट खरी. कारण त्यांचा पाळणा. इतर पाळण्यांसारखा तो ओळीओळीला 'जो जो' म्हणत खाली यायचा नाही. त्याची शेवटची ओळ वर चढायची आणि तिथंच थांबायची, पायरीवर पाय ठेवून कुणी मागं वळून बघावं तशी.

नीज माझ्या बाळा, गोदा निजली काठाला,
चांद दोर झाला, तुझ्या पाळण्याच्या गाठीला.

तेलगावात कुणाकडं लेकरू झालं की बायनाबाईंना बोलावणं यायचं. त्या माजघराच्या दाराआड बसायच्या आणि तिथून गायच्या. दाराच्या अलीकडं सवाष्णी पाळण्याची दोरी ओढायच्या. गाणं झालं की दाराखालून एक नारळ पलीकडं सरकवला जायचा. तो नारळ हा त्यांचा मान. पांढऱ्या कपाळाच्या बाईला दुसरा कसला मान असतो? पुढं बायकांनी चाल उचलली आणि सासरी-माहेरी नेली. आता सिरसाळ्याच्या बाजारात बांगड्या भरता भरता कासारीणसुद्धा तीच चाल गुणगुणायची. कुणी विचारलं, "बायनाबाई, हे आलं कुठनं वं?" तर त्या म्हणायच्या, "वत्सला अंगावर होती. गोदेच्या वाळूत बसले होते, आलं तोंडात."

वत्सलाला या गोष्टीचा अभिमान होता. माहेरचं सोनं-नाणं तिच्या अंगावर फारसं नव्हतं. पण इथं सासरी, उमापुरात तिला 'पाळणेवालीची लेक' म्हणत, आणि ते तिला पुतळ्यांच्या माळेपेक्षा जास्त वाटायचं.

यंदाच्या बारशाला आणखी एक पाहुणा होता. सासरे भगवानराव कापूस घेऊन जालन्याला गेले होते, ते येताना गाडीत बाजा घेऊन आले. लाकडी पेटी, वर पितळी कर्णा, बाजूला किल्ली. कुणी साहेब मुलूख सोडून निघाला होता, त्याच्या सामानातला. सोबत मूठभर तबकड्या. त्यातल्या एकीच्या कागदी पाकिटावर चित्र होतं: निळा पदर घेतलेली बाई, मांडीवर गुटगुटीत लेकरू, दोघांच्या डोक्यामागं सोनेरी वर्तुळ. भगवानरावांनी ते बघितलं आणि पटकन कपाळाला लावलं. "यशोदामाय हाय. बारशाला हीच वाजवायची." तोवर कुणीही ती वाजवली नाही. तबकडी देवघरात ठेवली. सुभद्राबाईंनी चित्रातल्या बाईला हळद-कुंकू लावलं, आणि रोजच्या नैवेद्यातला एक घास तिच्यापुढंही ठेवू लागल्या.

ऊन उतरलं तशा बायका येऊ लागल्या. माजघर भरलं. पुरुष ओसरीवर, त्यांच्यात वत्सलाचा नवरा बद्रीनाथ पान लावत बसलेला. बाजा मात्र आत आणला होता, पाळण्याशेजारी पाटावर, कर्ण्याला झेंडूची माळ घालून. तो चालवायला धाकटा दीर रामकिसन बसला. औरंगाबादेला मदरशात शिकत होता तो. उर्दू फाडफाड वाचायचा आणि इंग्रजी अक्षरं जुळवायचा.

बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिलं-घेतलं. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, बिभीषण. तिच्या पाठीत रीतीप्रमाणे बुक्क्या बसल्या. सगळ्यांच्या ओटीत घुगऱ्या पडल्या. चुलीकडच्या दाराआड बायनाबाई येऊन बसल्याचं वत्सलानं ऐकलं. बांगड्या नसलेल्या हातांनी माणूस बसलं तरी लेकीला कळतं.

"आधी यशोदामायचं लावा," ओसरीवरून भगवानराव म्हणाले. "मग आमच्या विहीणबाईचं."

रामकिसननं किल्ली फिरवली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. छबु वत्सलाच्या मांडीला चिकटली. मग तारा छेडल्याचा आवाज आला, एकतारीपेक्षा भरलेला, सतारीपेक्षा मऊ. आणि त्यावर एक बाई गाऊ लागली.

शब्द कुणालाच कळेनात. पण दुसऱ्या ओळीला वत्सलाच्या हातातली सुपारी खाली पडली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. भगवानरावांच्या चुलतबहिणीचं, मंजुळाबाईंचं, तोंड उघडं पडलं होतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या, मग पेटीकडं, मग चुलीकडच्या दाराकडं. गाणं वर चढलं, पायरीवर पाय ठेवून थांबलं, आणि मागं वळून पाहिलं.

"अगं बाई," कुणीतरी पुटपुटलं. "हा तर बायनाबाईचा पाळणा."

रामकिसननं सुई उचलली. मंजुळाबाई जिभेच्या तिखट. त्यांनाच आधी कंठ फुटला. "रामकिसन, ही कोण रे भवानी? कुठली?"

रामकिसननं तबकडी डोळ्यांजवळ नेली, मधल्या गोल कागदावरची बारीक अक्षरं बोटानं लावली. "हिस्पानवी जबान हाय, आत्या. स्पेन मुलूख. आमचे मौलवीसाब त्याला अंदलूस म्हणत्यात. लई दूर. समिंदरापल्याड, आन् तिथनं बी पुढं."

"तिथली बाई आपलं गाणं कावून म्हणती?"

"आवडलं आसंल."

तेवढं पुरलं. माजघरात हसू फुटलं. ओसरीवर भगवानराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलं का मंडळी? आमच्या विहीणबाईचा पाळणा साहेबाच्या मुलखात गेला. त्यांनी आपल्या बोलीत बांधून घेतला. तेलगावचं गाणं, बे." कुणी म्हणालं, नगरच्या वाटेनं गेलं असेल. कुणी म्हणालं, साहेबाच्या घरच्या दाईनं इथंच ऐकलं असेल. मंजुळाबाईसुद्धा म्हणाल्या, "चोरटी ती चोरटी, पण गळा बरा हाय." वत्सलाचा चेहरा तापला. सुभद्राबाई तिच्याकडं बघून हसल्या. तसं त्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हसल्या नव्हत्या.



"पुन्हा लाव," भगवानरावांनी हुकूम सोडला. रामकिसननं पुन्हा सुई टेकवली. पुन्हा खरखर, पुन्हा तारा. ती बाई गाऊ लागली, आणि या वेळी तिच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला. हळू. घसा साफ न करता सुरू झालेला. आधी सगळ्यांना वाटलं की पेटीतलाच आहे.

तो दाराआडून येत होता.

बायनाबाई गात होत्या. पण 'नीज माझ्या बाळा' नव्हे. पेटीतली बाई जे म्हणत होती तेच, तिच्याच शब्दांत. "दुएर्मे," ती म्हणाली की "दुएर्मे" यांचं. एकही शब्द मागं-पुढं नाही. जिथं ती श्वास घ्यायची तिथं या श्वास घ्यायच्या. गोदेच्या काठची, तेलगावची, अंगठा उठवणारी बाई समिंदरापलीकडच्या बोलीत गात होती.

वत्सला उठली कशी, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिनं दार लोटलं. आई भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. एक मांडी घातलेली, आणि तिच्यावर उजवा हात थापटत होता. मांडी रिकामी होती.

दाराचा आवाज झाला तशी बायनाबाईंनी डोळे उघडले. समोर लेक, लेकीच्या मागं सगळं माजघर. त्यांचा हात थांबला. पेटीतली बाई एकटीच गात राहिली, मग रामकिसननं सुई उचलली.

"विहीणबाई," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही बोली तुमाला कुठं गावली?"

बायनाबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला.

"एवढ्या लांबची बोली. तुमी तर कधी आपला मुलूख सोडला न्हाई म्हणता."

"सोडला," बायनाबाई म्हणाल्या. "एकदा."

वत्सलाला वाटलं, आपण हे थांबवावं. आईच्या तोंडावर हात ठेवावा.

"मोठा दुष्काळ पडला तवा," बायनाबाई खाली बघत म्हणाल्या. "झाडाची साल सुदिक ऱ्हायली न्हवती. मालक म्हणले, नगरकडं जाऊ, इंग्रजी मुलखात काम भेटतंय. ते वाटंतच गेले. मला कळलं तवा ते बसल्या जागी थंड झालेलते. माझा भारत तीन वरसाचा. पुढं एक मिशन हुतं. पांढऱ्या रुमालाच्या बाया. कढई चढवलेली आसायची."

मंजुळाबाई बसल्या जागी पुढं सरकल्या.

"खाल्लं?" मंजुळाबाईंनी विचारलं. एवढंच.

"खाल्लं."

"त्यांच्या हातचं?"

"त्यांच्या हातचं. भारतला पचलं न्हाई. त्याला उशीर झालता. एक बाई त्याला मांडीवर घेऊन बसायची. माझ्या अंगात बसायचं बळ न्हवतं. ती हेच म्हणायची. दिवसभर. तो गेला तवा बी ती म्हणतच हुती, तिला कळलं न्हाई तो गेला ते." त्यांनी मांडीवरचा हात उचलून घेतला. "मी सबूद इसरले न्हाई. इसरायचे म्हणून त्याच्यावर आपले सबूद घातले. तरी न्हाई इसरले."

भारत पैठणच्या मामाकडं तापानं गेला, असं ती आजवर ऐकत आली होती. सगळा दुष्काळ मामाकडंच काढला, असं आई सांगायची. मामाच्या घरची चिंच, मामाची काळी गाय, सगळं सांगायची. त्या गाईचं नावसुद्धा वत्सलाला पाठ होतं. गोदेची वाळू, आलं तोंडात. त्यातलं काहीच नव्हतं. एक कढई होती आणि एक परकी मांडी.

बारीक टपटप ऐकू आली. मंजुळाबाई उभ्या राहिल्या होत्या आणि ओटीतल्या घुगऱ्या खाली सोडत होत्या. एकेक हरभरा टप्पा खात पाळण्याखाली गेला. मग दुसरीनं ओटी सोडली, तिसरीनं. कुणी रागावलं नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. ज्या बाईच्या हातचे लाडू सगळ्यांनी खाल्ले होते तिच्याकडं त्या अशा बघत होत्या, जसं तिला आत्ताच कुणी पोत्यातून बाहेर काढून ठेवलंय.

"सगळं घर बाटलं की गं सुभद्रा," मंजुळाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर वत्सलाकडं वळली. "आन् ही? ही कुठं हुती तवा?"

त्या एका प्रश्नावर सगळं टांगलं होतं, पाळण्यासारखं. तिचं या घरातलं जेवण, चूल, छबुचं पुढंमागं व्हायचं लग्न, आणि आत्ताच नाव मिळालेलं ते लेकरू. बाटलेल्या बाईचं दूध पिणारं लेकरू कुणाचं?

बायनाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. लेकीकडं बघितलं नाही. सरळ सुभद्राबाईंकडं बघितलं.

"ही न्हवती," त्या म्हणाल्या. "हिला मी तेलगावात हिच्या आत्यापाशी, मावळणीपाशी ठेवून गेलते. हिला त्यातलं कायबी म्हाईत न्हाई. त्या कढईतलं हिच्या पोटात एक थेंब न्हाई."

वत्सलानं मनात हिशेब मांडला. मोठा दुष्काळ. वत्सला अंगावर होती, हे आईनंच गावभर सांगितलं होतं, गाण्याची गोष्ट सांगताना. इथल्या प्रत्येक बाईनं ते ऐकलं होतं. अंगावर पिणारं लेकरू आईपासून हलवत नाहीत. दुष्काळात तर नाहीच, जेव्हा दुसरं काही पाजायलाच नसतं. माजघरात बसलेल्या सगळ्या लेकुरवाळ्या. कुणाला हे सांगावं लागत नव्हतं.

कुणीही बोललं नाही.

सुभद्राबाई पाळण्याकडं गेल्या. बिभीषणकडं पाहिलं. तो मुठी चोखत होता. त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली, एकदा ओढली, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ऐकलं ना समद्यांनी? ती न्हवती तिथं."

मंजुळाबाईंचे ओठ हलले.

"मंजुळा, ऐकलं ना?"

"ऐकलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मग झालं. भटजीला बोलवू, घर शुद्ध करून घेऊ. लाडू गाईला घाला." त्या वळल्या, पण बायनाबाईंच्या पायांपर्यंतच त्यांची नजर गेली. "विहीणबाई, गाडी जुपायला सांगते. उजेड हाय तवर निघा."

"व्हय," बायनाबाई म्हणाल्या. जणू कुणी पाणी हवं का विचारलं होतं.

त्यांचं सामान म्हणजे एक गाठोडं. बद्रीनाथ बैल जुंपत होता, मान खाली घालून. वत्सला दारापर्यंत गेली, पण पुढं जायची सोय नव्हती. ओलं बाळंतपण, आणि मागं सगळ्यांचे डोळे. ती आईच्या पाया पडली असती तर पडलीच कशाला, असं झालं असतं. आईनंही तिला जवळ घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "शेक सोडू नगस. महिनाभर गार पाण्यात हात घालू नगस."

"आये," वत्सला म्हणाली.

"म्हणत जा गं पाळणा," बायनाबाई हळूच म्हणाल्या. "आपल्या सबदांत म्हण. ते चालतंय."

गाडी वेशीकडं वळली. चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आतल्या बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. सुभद्राबाईंनी यशोदामायचं पाकीट देवघरातून काढून बाहेर ठेवलं होतं. कुंकू तसंच होतं चित्रातल्या बाईच्या कपाळावर. ते पुसावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नसावं. कुणी तरी जमिनीवरच्या घुगऱ्या लोटून नेल्या होत्या, तरी दोन-चार पाळण्याखाली राहिल्या होत्या. बाळ रडायला लागलं. वत्सलानं त्याला उचललं, भिंतीकडं तोंड करून पदराखाली घेतलं. ते लुचू लागलं, घाईघाईनं, सगळ्या जगाला विसरून. हे दूध कुठून आलं होतं, ते तिला आता ठाऊक होतं. एका कढईतून आईत, आईतून तिच्यात, तिच्यातून याच्यात. तिनं डोळे मिटले आणि पाळणा म्हणायला ओठ उघडले. चाल आली. आपले शब्द काही केल्या येईनात.

छबु शेजारी येऊन बसली होती. तिनं पाळण्याखालची एक घुगरी उचलून मुठीत धरली होती, खाल्ली नव्हती. भावाकडं ती बराच वेळ बघत राहिली, त्याचे गाल आत-बाहेर होताना. मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

"आये," ती म्हणाली, "तू मावळण-आजीपाशी ऱ्हायलतीस, तर मग तुला अंगावर कोण पाजत हुतं?"